दुसरी सही

१९८५ सालची गोष्ट. एका तालुक्याच्या गावी आमच्या बँकेची शाखा होती आणि मी तिथं नवा अधिकारी होतो. त्या काळी बाहेरगावी पैसे पाठवायचे म्हणजे डिमांड ड्राफ्ट काढायचा. ठरावीक रकमेच्या वरच्या ड्राफ्टवर दोन अधिकाऱ्यांच्या सह्या लागत. पहिली सही करणारे साहेब वयानं मोठे, आमच्याच अधिकारी संघटनेचे पदाधिकारी. मला त्या गावात खोली मिळवून देण्यापासून सगळी मदत त्यांनीच केलेली. एका शनिवारी त्यांनी ड्राफ्टचं पुस्तक माझ्यापुढं सरकवलं. म्हणाले, "सोमवारी बाजार आहे, गर्दी होईल. दहा-बारा पानांवर सही करून ठेवा." पानं कोरी होती. नाव नाही, रक्कम नाही. मी मुकाट्यानं सह्या केल्या.

सोमवारी गर्दी तर झालीच, पण ऑडिटरही आले. बारीक चणीचे, कमी बोलणारे गृहस्थ. सही केलेली कोरी पानं त्यांच्या हाती लागली. पैसा कुठं गेलेला नव्हता. त्यांनी मला एवढंच विचारलं, "न बघता सही का केलीत?" मी खरं ते सांगितलं. साहेब आमचेच आहेत, त्यांच्यावर माझा विश्वास आहे. त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग या दोन सह्या नाहीत. एकच सही दोनदा झालेली आहे."

मला मेमो मिळाला, तो फायलीला लागला आणि मी तो विसरूनही गेलो. वाक्य मात्र विसरलो नाही. निवृत्तीनंतर सकाळी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी टीव्ही असा दिनक्रम झाला, तेव्हापासून संसदेच्या बातम्या बघताना ते हमखास आठवतं. कारण आपल्या संसदेचीही रचना मुळात दोन सह्यांचीच आहे. पहिली सही लोकसभेची, दुसरी राज्यसभेची. घटनादुरुस्तीपासून साध्या कायद्यापर्यंत कागद दोन्ही टेबलांवरून जायला हवा. प्रश्न असा, की ही दुसरी सही खरोखर दुसरी असते का?

राज्यसभा १९५२ मध्ये अस्तित्वात आली. तिची आजची सदस्यसंख्या २४५. त्यांतले २३३ राज्यांच्या आणि काही केंद्रशासित प्रदेशांच्या आमदारांनी निवडून दिलेले आणि १२ राष्ट्रपतींनी नेमलेले. ती एकदम बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात आणि नवे येतात. बँकेच्या भाषेत सांगायचं तर लोकसभेची खातेवही दर निवडणुकीला नवी उघडते. राज्यसभेत मागील शिल्लक पुढं ओढलेली असते. कल्पना चांगली होती. निवडणुकीच्या ज्वरात जे सुचतं ते जरा थंड डोक्यानं बघणारी, मतदारसंघाची आणि पक्षाची ओढ कमी असणारी वडीलधारी माणसं तिथं बसावीत. म्हणूनच नियुक्त सदस्यांमध्ये धर्मशास्त्राचे भाष्यकार पां. वा. काणे होते, नाटककार मामा वरेरकर होते. आपल्या विधान परिषदेत राज्यपालांनी गदिमांना नेमलं, पुढं ना. धों. महानोरांना नेमलं.

आता ही कल्पना प्रत्यक्षात किती उतरली ते बघायचं तर संयुक्त बैठकांपासून सुरुवात करावी. एखाद्या विधेयकावर दोन सभागृहांचं जमलंच नाही, तर दोघांनी एकत्र बसून मतदान करायची तरतूद आहे. स्वातंत्र्यानंतर विधेयकासाठी अशा बैठका फक्त तीन झाल्या. त्या तिन्हींचा संबंध तुमच्या-आमच्या घराशी येतो.

पहिली बैठक १९६१ ची, हुंडाप्रतिबंधक विधेयकावर. त्या वेळी दोन्ही सभागृहांत काँग्रेसचंच बहुमत होतं आणि पंतप्रधान नेहरू होते. म्हणजे पक्ष एक, नेता एक, सरकारही एकच. तरीही राज्यसभेनं केलेल्या दुरुस्त्या लोकसभेला पटल्या नाहीत. लग्नात दिलेल्या भेटवस्तू हुंड्यात धरायच्या की नाही, यासारखे मुद्दे होते. ज्यांच्या घरी मुलीचं लग्न झालंय त्यांना हा प्रश्न किती टोकदार आहे ते सांगायला नको. एका घरातली दोन माणसं प्रामाणिकपणे दोन बाजूंनी बोलू शकतील असा तो प्रश्न. आणि एकाच पक्षाची माणसं तशी बोलली. पुढं त्या कायद्यानं हुंडा थांबला नाही हे खरं. पण दुसरी सही करणाऱ्यानं कागद वाचला होता एवढं नक्की.

दुसरी बैठक १९७८ ची. ती माझ्या पोटापाण्याशीच निगडित. राष्ट्रीयीकृत बँकांतल्या भरतीसाठी आयोग नेमण्याचा कायदा १९७५ मध्ये झाला होता. १९७७ मध्ये जनता सरकार आलं आणि त्यानं तो रद्द करायचं विधेयक आणलं. लोकसभेनं ते मंजूर केलं. राज्यसभेत अजून काँग्रेसचं बहुमत होतं, तिथं ते फेटाळलं गेलं. मे १९७८ मध्ये संयुक्त बैठक झाली आणि संख्येच्या जोरावर विधेयक मंजूर झालं. आयोग गेला, भरती मंडळं आली. मी १९८२ मध्ये बँकेत लागलो तो अशाच मंडळाची परीक्षा देऊन. आमच्या शहरात तेव्हा शेकडो मुलं गणिताचे तक्ते घेऊन बसलेली असत. ज्या दारातून आम्ही आत गेलो, ते दार दोन सभागृहांच्या भांडणातून उघडलं होतं हे आम्हाला कुणाला ठाऊक नव्हतं. बँकांची भरती कशी व्हावी यावर दोन मतं असू शकतात. पण ज्याच्या सरकारनं कायदा केला तो बाजूनं आणि ज्याचं सरकार नव्यानं आलं तो विरोधात, अशी सरळ रेघ तिथं ओढली गेली होती.

तिसरी बैठक मार्च २००२ ची, दहशतवादविरोधी 'पोटा' कायद्यासाठी. वाजपेयी सरकारचं लोकसभेत बहुमत होतं, राज्यसभेत नव्हतं. राज्यसभेनं नाकारलेलं विधेयक संयुक्त बैठकीत ४२५ विरुद्ध २९६ मतांनी मंजूर झालं. सरकार बदलल्यावर २००४ मध्ये तो कायदाच रद्द झाला.

तीन बैठकांकडे एकापाठोपाठ बघितलं की फरक डोळ्यांत भरतो. पहिल्या वेळी दोन सभागृहं भांडली. पुढच्या दोन्ही वेळी दोन पक्ष भांडले, सभागृहं नुसती जागा पुरवत होती.

याचा अर्थ राज्यसभेच्या विरोधाचा उपयोग कधीच झाला नाही असा नाही. सप्टेंबर १९७० मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद करणारी घटनादुरुस्ती तिथं १४९ विरुद्ध ७५ मतांवर अडली. दोन तृतीयांशाला एका पूर्ण मताचीसुद्धा नव्हे, मताच्या तुकड्याची तूट पडली होती! पुढच्याच वर्षी, इंदिरा गांधींना निवडणुकीत मोठं यश मिळाल्यावर, तनखे गेले ते गेलेच. ऑक्टोबर १९८९ मध्ये राजीव गांधींची पंचायत राज आणि नगरपालिकांविषयीची विधेयकं लोकसभेनं मंजूर करूनही राज्यसभेत पडली. तेव्हा ते राजकारणच होतं, निवडणूक तोंडावर होती. पण डिसेंबर १९९२ मध्ये तोच विषय पुन्हा आला, तेव्हा मधल्या वर्षांतल्या चर्चेमुळं त्याला सगळ्यांचा हात लागला होता. आज गावोगाव सरपंचाच्या खुर्चीवर बायका दिसतात त्याचं मूळ तिथं आहे. भांडणातूनही कधी कधी कागद सुधारतो. अट एवढीच, की भांडणाऱ्याला कागद वाचण्याची मुभा हवी.

ती मुभाच आपण काढून घेतली, आणि नेमकी माझ्या मेमोच्या वर्षी. १९८५ मध्ये पक्षांतरबंदी कायदा झाला. आयाराम-गयारामांना आळा घालण्यासाठी तो हवाच होता, आपण सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या होत्या. पण त्यात पक्षाचा व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाईल अशीही तरतूद आली. सरकार पडणार-राहणार अशा मतदानालाही व्हिप आणि साध्या विधेयकालाही व्हिप. शिवाय दोन्ही सभागृहांना तो सारखाच लागू. ज्या राज्यसभेत मतदानानं सरकार पडतच नाही, तिथंही सदस्यानं पक्षाच्या विरोधात हात वर केला तर त्याचं पद जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयानं १९९२ मध्ये हा कायदा वैध ठरवताना म्हटलं होतं, की ही शिक्षा सरकारच्या अस्तित्वाशी आणि पक्षाच्या मुख्य धोरणाशी निगडित मतदानापुरती ठेवावी. ते कुणी मनावर घेतलं नाही.

व्हिप नसला की माणूस कसा वागतो याचं एक उदाहरण आपल्याच मातीतलं आहे. ९ मार्च २०१० रोजी महिला आरक्षणाचं विधेयक राज्यसभेत १८६ विरुद्ध १ मतानं मंजूर झालं. आदल्या दिवशी प्रचंड गोंधळ, त्या दिवशी सात सदस्य निलंबित, मार्शल बोलवावे लागलेले. विरोधातलं ते एकमेव मत शरद जोशींचं. ज्यांनी १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचं प्रचंड अधिवेशन भरवलं, ज्यांनी 'लक्ष्मीमुक्ती'च्या मोहिमेतून शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला लावली, त्याच जोशींचं. राखीव मतदारसंघ दर निवडणुकीला फिरते ठेवण्याची पद्धत त्यांना मान्य नव्हती. त्यांचं बरोबर होतं की चूक, यावर आमच्या घरी तेव्हा जेवणाच्या ताटावर वाद झाला आणि मी हरलो. पण वाद कशावर झाला? मुद्द्यावर. जोशी आपल्या स्वतंत्र भारत पक्षाचे सभागृहातले एकटेच सदस्य होते. त्यांना व्हिप बजावणारं कुणी नव्हतं. बाकीच्या १८६ जणांत मनातून विरोध असणारे किती होते ते आपल्याला कधीच कळणार नाही. ते विधेयक पुढं लोकसभेत मतदानालाच आलं नाही आणि २०१४ मध्ये बारगळलं. सप्टेंबर २०२३ मध्ये नव्या विधेयकाला लोकसभेत ४५४ विरुद्ध २ आणि राज्यसभेत २१४ विरुद्ध शून्य अशी मतं पडली. तेरा वर्षं जे दोन सभागृहांच्या मध्ये लटकलं होतं ते दोन दिवसांत झालं. पक्षांनी ठरवलं की होतं, पक्षांनी ठरवलं नाही की होत नाही.

हे झालं दिल्लीचं. आपल्या राज्यातही दोन सभागृहं आहेत: २८८ जणांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद. परिषदेतले ३० जण आमदार निवडतात, २२ स्थानिक स्वराज्य संस्था, ७ पदवीधर, ७ शिक्षक आणि १२ जण राज्यपाल नेमतात. या सभागृहाचं पुण्य मोठं आहे. वि. स. पागे १९६० ते १९७८ असे अठरा वर्षं तिथं सभापती होते. रोजगार हमी योजनेची कल्पना त्यांची. माझ्या पगारपत्रकात दरमहा व्यवसाय कराची छोटीशी कपात असे, तो कर १९७५ पासून याच योजनेसाठी सुरू झाला. शहरातल्या पगारदारानं खेड्यातल्या दुष्काळी मजुरासाठी दिलेला तो वाटा. ग. प्र. प्रधानांसारखा माणूस पदवीधर मतदारसंघातून अठरा वर्षं तिथं होता. पागे काँग्रेसचे, प्रधान समाजवादी. पक्ष दोघांनाही होता. पण पक्ष असणं वेगळं आणि पक्षाभिनिवेश असणं वेगळं.

१९९० च्या दशकात माझी बदली नागपूरला झाली होती. एका हिवाळी अधिवेशनात ओळखीतून पास मिळाला आणि एकाच दिवशी मी दोन्ही सभागृहांच्या गॅलरीत बसलो. विधानसभेत घोषणा चालू होत्या, कामकाज तहकूब झालं. उठून परिषदेच्या गॅलरीत गेलो. तिथं शिक्षकांच्या थकलेल्या पगारावर एक सदस्य संथपणे बोलत होते, मंत्री आकडे लिहून घेत होते. बरं वाटलं. दहा-पंधरा मिनिटांत कुणीतरी चिठ्ठी घेऊन आलं, ती बाकावरून बाकावर फिरली आणि खाली ऐकलेल्या त्याच घोषणा तिथं सुरू झाल्या. शिक्षकांचा पगार अर्ध्यावर राहिला. ते सदस्य कागद हातात धरून काही वेळ उभे राहिले, मग बसले. माझ्या एका कादंबरीत मी तो प्रसंग घालायचा प्रयत्न केला होता. संपादकांनी तो अतिशयोक्त वाटतो म्हणून काढायला लावला.

सभागृह लहान असलं, माणसं वयानं मोठी असली, तरी घोषणा तीच असते. हे मोजूनही बघता येतं. बँकेची सवय, टक्केवारी काढल्याशिवाय चैन पडत नाही. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात लोकसभेतले १०० आणि राज्यसभेतले ४६ विरोधी सदस्य निलंबित झाले. ५४३ पैकी १०० म्हणजे शेकडा साडेअठराच्या आतबाहेर; २४५ पैकी ४६ म्हणजे शेकडा एकोणीसच्या जवळ. थंड डोक्याचं सभागृह आणि तापलेलं सभागृह यांच्या तापमानात अर्ध्या टक्क्याचाही फरक नाही. आणि हा एकाच पक्षाचा दोष नव्हे. मार्च १९८९ मध्ये काँग्रेसच्या राजवटीत लोकसभेनं एका दिवसात ६३ सदस्यांना निलंबित केलं होतं.

मग फरक नाहीच का? आहे, पण तो स्वभावाचा नाही, व्यवस्थेचा आहे. त्याचा ढळढळीत नमुना जून २०२२ मध्ये आपण मुंबईत बघितला. १० जूनला आपल्या आमदारांनी राज्यसभेसाठी मतदान केलं. २००३ पासून ते मतदान उघड असतं. आमदारानं मतपत्रिका आपल्या पक्षाच्या प्रतिनिधीला दाखवायची असते. मत कसं दाखवलं, कुणाला दिसलं यावरून हरकती झाल्या, मोजणी रात्री उशिरापर्यंत खोळंबली, एक मत बाद झालं. सहावी जागा भाजपनं जिंकली, त्यात अपक्षांच्या आणि लहान पक्षांच्या मतांना मोल आलं. दहा दिवसांनी, २० जूनला, त्याच आमदारांनी विधान परिषदेसाठी मतदान केलं. ते गुप्त असतं. या वेळी पक्षांची स्वतःची मतंही फुटली. काँग्रेसनं पहिल्या पसंतीचा म्हणून उभा केलेला उमेदवार पडला. त्याच रात्री काही आमदार सुरतेकडे निघाले आणि महिनाअखेर राज्यात सरकार बदललं होतं.

तेच आमदार, तीच इमारत, दहा दिवसांचं अंतर. मत उघड असताना पक्ष दिसला आणि गुप्त असताना फूट दिसली. या दोहोंत विवेक कुठं होता हे मी शोधत राहिलो. उघड मतदानानं माणूस पक्षाला बांधला जातो, गुप्त मतदानानं तो मोकळा होतो. पण मोकळा झालेला माणूस सदसद्विवेकाकडेच जाईल याची हमी कोण देणार?

आणि जिथं दुसरी सही गैरसोयीची होते, तिथं ती टाळण्याचे मार्गही निघतात. अर्थविधेयक असेल तर राज्यसभेला फक्त १४ दिवस मिळतात आणि तिच्या सूचना लोकसभेवर बंधनकारक नसतात. मार्च २०१६ मध्ये आधारचा कायदा अर्थविधेयक म्हणून आणला गेला. राज्यसभेनं पाच दुरुस्त्या सुचवल्या, लोकसभेनं त्याच दिवशी त्या नाकारल्या. पुढं खाती आधारशी जोडण्याच्या काळात मी शाखेत होतो. बोटांचे ठसे झिजलेल्या म्हाताऱ्या बायका यंत्रावर पुन्हा पुन्हा बोट ठेवत आणि आमच्याकडे अपराध्यासारख्या बघत. सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कायदा बहुमतानं कायम ठेवला, पण बँक खात्यांसाठीची सक्ती रद्द केली. अर्थविधेयक नेमकं कशाला म्हणायचं हा प्रश्न २०१९ मध्ये मोठ्या घटनापीठाकडे सोपवण्यात आला. आपल्या शेजारच्या तेलुगू मुलखात तर दुसरं टेबलच उचलायची तयारी झाली. जानेवारी २०२० मध्ये आंध्रच्या विधान परिषदेनं सरकारचं तीन राजधान्यांचं विधेयक अडवलं, तेव्हा आठवड्याभरात विधानसभेनं परिषदच बरखास्त करण्याचा ठराव केला. नोव्हेंबर २०२१ मध्ये तो ठराव मागं घेतला. तोवर परिषदेतलं संख्याबळ सत्ताधाऱ्यांच्या बाजूला झुकलं होतं.

थोडक्यात, दुसऱ्या सहीचे आपल्याकडे दोनच प्रकार उरले. दोन्हीकडे एकाच पक्षाचं बहुमत असेल तर ती डोळे मिटून होते, माझ्या त्या कोऱ्या ड्राफ्टसारखी. वेगळ्या पक्षांचं असेल तर ती अडते, कागदात काय लिहिलंय याची पर्वा न करता. अशीही एक शाखा मी बघितली आहे, जिथं मॅनेजर आणि हेड कॅशियर यांचं पटत नसे. तिजोरीच्या दोन किल्ल्या दोघांकडे. एका पेन्शनच्या दिवशी एक किल्ली अकरापर्यंत आलीच नाही. म्हातारी माणसं उन्हात पायऱ्यांवर बसून होती.

दुसरं सभागृह नकोच, असं म्हणणारे यावरूनच म्हणतात. मला ते पटत नाही. ऑडिटरनं माझ्या मेमोत 'दुसरी सही बंद करावी' असं लिहिलं नव्हतं. उपाय साधेच आहेत. सरकारचं अस्तित्व आणि अर्थसंकल्प यांपुरता व्हिप ठेवावा, बाकी ठिकाणी, निदान वरच्या सभागृहात तरी, सदस्याला वाचून मत देऊ द्यावं. आवाजी मतदानात हुकमी 'होय' म्हणून मोकळं होण्याऐवजी महत्त्वाच्या विधेयकावर कुणी कसं मत दिलं याची नोंद व्हावी. पक्षनिष्ठा सोडा असं कुणी म्हणत नाही. हुंड्यावर दोन मतं देणाऱ्या १९६१ च्या सदस्यांनीही पक्ष सोडला नव्हता.

मेमोनंतरच्या आठवड्यात साहेबांनी माझ्यापुढं पुन्हा एक ड्राफ्ट सरकवला. या वेळी भरलेला होता. मी तो वाचला. अंकी रकमेत आणि अक्षरी रकमेत एका शून्याचा फरक होता. तो परत केला तेव्हा साहेबांचा चेहरा उतरला. आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. संघटनेची वर्गणी मात्र मी त्यांच्याच हातात देत राहिलो, आणि पावती नीट बघून घेत राहिलो.